सुपरझूम की डीएसएलआर? आधी भिंगाचं तोंड मोजा

दिवाळीच्या सुट्टीत इंदापूरहून वहिनींचा फोन आला. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि उजनीचं पाणी त्यांच्या घरापासून दुचाकीवर वीस मिनिटांवर आहे. "भावजी, यंदा कॅमेरा घ्यायचाच आहे. उजनीकाठी भिगवणला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, आले की मुलांना दाखवायला नेते, पण मोबाइलमध्ये नुसते ठिपके येतात. शिवाय शाळेचं स्नेहसंमेलन असतंच. दुकानदारानं दोन कॅमेरे समोर ठेवलेत. एक डीएसएलआर, दोन लेन्ससकट. दुसऱ्याला एकच लेन्स आहे, ती निघत नाही, पण त्याला ८३ पट झूम आहे म्हणतो. किमतीत फार फरक नाही. कुठला घेऊ?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स काढून बदलता येणारा कॅमेरा, आणि दुकानदाराचा तो दुसरा, न निघणाऱ्या लेन्सचा, म्हणजे सुपरझूम. हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, आणि "डीएसएलआर घ्या, दर्जा चांगला असतो" हे ठरलेलं उत्तर पुष्कळांना चुकीच्या दुकानात नेऊन सोडतं. बारा वर्षांपूर्वी मीही तेच ऐकून नवा डीएसएलआर घेतला होता. सोबत आलेली छोटी लेन्स लावून भिगवणच्या होडीत बसलो आणि घरी आल्यावर फोटोत पाणी, आभाळ आणि मधोमध एक गुलाबी रेघ एवढंच सापडलं. कॅमेरा चांगलाच होता, फक्त त्या कामाचा नव्हता. म्हणून वहिनींना जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो. थोडं गणित आहे, पण भागाकाराच्या पलीकडे काही नाही.

आधी ते "८३ पट" सोडवू. हा आकडा कॅमेरा किती लांबचं बघू शकतो ते सांगत नाही. झूमचं एक टोक दुसऱ्या टोकाच्या कितीपट आहे, एवढंच तो सांगतो. निकॉनचा २०२० साली आलेला पी९५० घ्या. त्याची झूम २४ मिलिमीटरपासून २००० मिलिमीटरपर्यंत जाते. २००० भागिले २४, म्हणजे ८३. कॅननचा एसएक्स७० हा २१ पासून १३६५ पर्यंत जातो, म्हणून तो ६५ पट. डीएसएलआरसोबत येणारी किट लेन्स १८ ते ५५ ची असते, म्हणजे जेमतेम तीन पट. पण पक्ष्यांचे फोटो काढणारे ज्या भल्यामोठ्या १५०-६०० च्या लेन्स खांद्यावर घेऊन फिरतात त्या फक्त चार पट असतात, आणि तरी त्या किट लेन्सच्या कितीतरी पुढचं पाहतात. तेव्हा "पट" विसरा. लांबचं टोक कुठे आहे ते विचारा.

इथे एक गोम आहे. पी९५० च्या खोक्यावर २००० लिहिलेलं असतं, पण लेन्सच्या कडेला बारीक अक्षरांत ४.३-३५७ मिलिमीटर असं छापलेलं असतं. खरी लेन्स ३५७ चीच आहे. २००० हा "३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात" काढलेला आकडा आहे, आणि त्यात फसवणूक काही नाही. लेन्स आपल्या मागे एक गोल चित्र पाडते, आणि सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, त्यातला एक चौकोनी तुकडा उचलतो. पोळी लाटून वाटीनं पुऱ्या पाडतो तसंच हे आहे. जुन्या फिल्मची वाटी ३६ बाय २४ मिलिमीटरची. कॅननच्या नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरची २२.३ बाय १४.९ ची. आणि पी९५० किंवा एसएक्स७० सारख्या सुपरझूमची वाटी जेमतेम ६.२ बाय ४.६ ची, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा लहान. वाटी जेवढी लहान, तेवढा चित्राचा फक्त मधला भाग उचलला जातो आणि दृश्य तेवढं जवळ आल्यासारखं दिसतं. म्हणून लहान सेन्सरच्या सुपरझूमचा खरा आकडा साधारण साडेपाचपटीहून थोडा जास्त वाढवून सांगतात, कॅननच्या डीएसएलआरचा १.६ पट आणि निकॉनच्या डीएसएलआरचा १.५ पट. दुकानात तुलना करताना दोन्ही आकडे एकाच हिशेबात आणून घ्या. डीएसएलआरसोबतची ५५-२५० ची दुसरी लेन्स या हिशेबात ४०० पर्यंत पोहोचते. समोरच्या सुपरझूमची पोच २०००.

आता हे आकडे भिगवणला नेऊ. रोहित उभा राहिला की साधारण सव्वा मीटर भरतो. कुंभारगाव-डिकसळचे मच्छीमार होडी हळूहळू जवळ नेतात, पण थवा उडू नये म्हणून अंतर राखतात. समजा ते अंतर १०० मीटर आहे. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात तेवढ्या अंतरावर चौकटीची उंची जवळजवळ १०० मीटर भरते. त्यात सव्वा मीटरचा पक्षी म्हणजे उंचीचा ऐंशीवा भाग. वहिनींचे ठिपके ते हेच. डीएसएलआरच्या किट लेन्सनं ५५ वर चौकट २७ मीटर उंच होते, म्हणजे पक्षी बाविसावा भाग. ५५-२५० नं चौकट ६ मीटरवर येते आणि पक्षी पाचव्या भागाएवढा दिसतो. २००० वर चौकट १ मीटर २० सेंटिमीटरची होते. पक्षी मावत नाही, झूम थोडी मागे घ्यावी लागते.

"मग डीएसएलआरचा फोटो घरी कापून मोठा करता येईलच की!" हे वहिनी लगेच म्हणाल्या, आणि बरोबर म्हणाल्या. पण ४०० चा फोटो कापून २००० एवढा करायचा तर लांबी-रुंदी दोन्ही पाचव्या भागावर आणावी लागतात. म्हणजे २४ मेगापिक्सेलचा पंचविसावा भाग उरतो, जेमतेम १ मेगापिक्सेल. व्हॉट्सअॅपवर पाठवायला तो चालून जाईल. पण पक्ष्याच्या चोचीचा बाक, डोळ्याभोवतीचा रंग, पायाच्या गाठी हे काही त्यात उरत नाही.

इथपर्यंत ऐकून कुणालाही वाटेल की मग सुपरझूमच घ्यावा. थांबा. आतापर्यंत आपण फक्त लांबी मोजली. फोटो बनतो उजेडाचा, आणि उजेड किती गोळा होतो हे अजून बघितलेलंच नाही.

पावसात अंगणात चार भांडी ठेवा. कुठल्या भांड्यात जास्त पाणी साचेल? भांडं किती खोल आहे यावर ते ठरत नाही. ज्याचं तोंड मोठं त्यात. परातीत घागरीपेक्षा जास्त थेंब पडतात. कॅमेऱ्याचंही तसंच आहे. शटर उघडं असतं तेवढ्या वेळात दृश्याकडून येणारा उजेड लेन्सच्या तोंडातूनच आत येणार. थेंब जितके जास्त, तितका फोटो स्वच्छ. थेंब कमी पडले की कॅमेरा ते वाढवून दाखवतो, आणि मग फोटोत तो रवाळपणा येतो, ज्याला आपण "नॉइज" किंवा "फोटो फुटला" म्हणतो.

हे तोंड मोजायला पट्टी लागत नाही. लेन्सवर एफ/५.६, एफ/६.५ असं काहीतरी लिहिलेलं असतं, ती सूचनाच आहे. लेन्सच्या खऱ्या लांबीला त्या आकड्यानं भागा, की छिद्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. फक्त लांबी खरी घ्यायची, खोक्यावरची वाढवलेली नाही. दोन कॅमेऱ्यांत सारखंच दृश्य सारख्याच वेळात टिपलं, तर कुणाकडे किती उजेड आला हे या व्यासावरून कळतं. सेन्सर मोठा की लहान, मेगापिक्सेल १६ की २४, हे सगळे वाद या एका भागाकारापुढे मागे पडतात. मला हे उशिरा कळलं, आणि कळल्यावर कॅमेरा निवडण्याची माझी पद्धतच बदलली.

तर मोजू. आधी झूम अजिबात न करता, म्हणजे घरातला, वर्गातला, मंगल कार्यालयातला फोटो. डीएसएलआरची किट लेन्स १८ भागिले ३.५, व्यास ५ मिलिमीटर. सुपरझूम ४.३ भागिले २.८, व्यास दीड मिलिमीटर. व्यासात सव्वातीनपट फरक आहे, पण पाऊस तोंडाच्या क्षेत्रफळावर पडतो, आणि क्षेत्रफळ वर्गानं वाढतं. म्हणजे डीएसएलआरला जवळजवळ अकरापट उजेड मिळतो. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. भिंतीवरचा रंग, काळ्या केसांचे तपशील, चेहऱ्याची कांती, सगळीकडे.

आता दुसरं टोक. डीएसएलआरची ५५-२५० ही लेन्स २५० वर एफ/५.६ असते. व्यास ४५ मिलिमीटर. पी९५०, ३५७ भागिले ६.५. व्यास ५५ मिलिमीटर.

इथे मी वहिनींना पुन्हा भागाकार करायला लावला, कारण पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. लांबच्या टोकाला सुपरझूमचं तोंड डीएसएलआरच्या त्या लेन्सपेक्षा मोठं आहे. दूरच्या रोहितकडून येणारा उजेड सुपरझूम दीडपट जास्त गोळा करतो, आणि तो उजेड १ मेगापिक्सेलवर नाही तर १६ मेगापिक्सेलवर पसरतो. सेन्सर बारापट लहान असूनही. सेन्सर लहान, म्हणून फोटो वाईट, हा नियम झूमच्या या टोकाला लागूच पडत नाही.

मग सुपरझूम वाईट कुठे पडतो? मधे. हे नीट समजून घेण्यासारखं आहे. सुपरझूमचं तोंड तो फार लांबचं पाहतो तेव्हाच पूर्ण उघडतं. समजा पक्षी लांब नाही, तुमच्या अंगणातल्या जास्वंदीवर शिंजीर आलाय आणि ४०० पुरेसे आहेत. डीएसएलआर तिथे आपलं ४५ मिलिमीटरचं तोंड पूर्ण वापरतो. सुपरझूम त्याच चौकटीसाठी झूम मागे घेतो आणि त्याचं छिद्र १५ मिलिमीटरच्या आसपास आकसतं. म्हणजे डीएसएलआरला नऊपट उजेड. त्या जास्वंदीवर डीएसएलआरच जिंकतो, आणि मोठ्या फरकानं जिंकतो. उजनीच्या पाण्यावर १०० मीटरवर सुपरझूम जिंकतो. दोन्ही कॅमेरे तेच, दुकानही तेच. फक्त पक्षी कुठे बसलाय हे बदललं.

चंद्राचंही तसंच. ५५-२५० लावलेल्या डीएसएलआरमध्ये कोजागरीचा चंद्र चौकटीच्या उंचीचा सातवा भाग व्यापतो. २००० वर तो पाऊण चौकट भरतो. शाळेतल्या मुलांना चंद्रावरची विवरं कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवता येतात, आणि त्यासाठी पौर्णिमेपेक्षा अष्टमी बरी, कारण कडेनं पडणाऱ्या उजेडात विवरांच्या सावल्या दिसतात. वहिनींना ही गोष्ट रोहितांपेक्षाही जास्त आवडली असावी, कारण पुढची दहा मिनिटं त्या त्याबद्दलच विचारत होत्या.

आता सुपरझूमच्या अडचणी, ज्या दुकानदार सांगत नाहीत.

पहिली, हात. २००० वर १०० मीटरवरची चौकट १ मीटर ८० सेंटिमीटर रुंद असते. हात एक अंश हलला तर कॅमेरा १ मीटर ७५ सेंटिमीटर बाजूला पाहू लागतो, म्हणजे पक्षी संपूर्ण चौकटीबाहेर. आतली कंपन थोपवणारी यंत्रणा फोटो हलू देत नाही, पण हरवलेला पक्षी ती शोधून देत नाही. म्हणून आधी झूम कमी ठेवून पक्षी चौकटीच्या मधोमध घ्यायचा, मग हळूहळू झूम वाढवायची. पी९५० वर लेन्सच्या बाजूला एक बटण असतं. ते दाबून धरलं की झूम क्षणभर मागे येते, पक्षी पुन्हा सापडतो, बटण सोडलं की झूम परत पुढे जाते. दुकानात हे बटण दाबून बघाच. जमिनीवरून फोटो काढत असाल तर तांदूळ भरलेली जाड कापडी पिशवी गाडीच्या खिडकीवर किंवा बांधावर ठेवून त्यावर लेन्स टेका. होडीत मात्र ट्रायपॉड लावू नका, होडीचं सगळं हलणं तो थेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचवतो. तिथे कोपर छातीला टेकवणंच बरं.

दुसरी, हवा. उन्हं चढली की पाण्यावरची आणि तापल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते. डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी असल्यासारखं दिसतं तीच थरथर. १०० मीटर हवेच्या थरामागचा पक्षी मग पाण्यात पाहिल्यासारखा वितळतो, आणि त्यावर जगातली कुठलीही लेन्स उपाय करू शकत नाही. मार्चमध्ये भिगवणला सकाळी अकरानंतर लांबचे फोटो मी आता काढतच नाही. सूर्योदयाला होडीत असायला हवं. पण सूर्योदयाला उजेड कमी, आणि तोंड एफ/६.५ चं. ही ओढाताण सुपरझूमला कायम सोसावी लागते. साधारण साडेसात ते साडेनऊ हा हिवाळ्यातला वेळ त्याचा.

तिसरी, उडते पक्षी. डीएसएलआरमध्ये तुम्ही आरशातून थेट, डोळ्यांनी पाहता, आणि फोकस मिळवायला त्यात वेगळी यंत्रणा असते. लहान सेन्सरचे सुपरझूम सेन्सरवरच्याच चित्रात कुठे धार जास्त आहे हे पुढेमागे करून तपासतात. उभ्या पक्ष्यावर ते ठीक चालतं. पण नदीसुरय पाण्यावर झेप घेतो तेव्हा सुपरझूम अजून फोकस शोधत असतो. सलग काही फोटो झाले की कार्डावर लिहिताना तो थोडा थांबतोही. खंड्या सूर मारतानाचा फोटो हे तुमचं स्वप्न असेल तर सुपरझूमच्या वाटेला जाऊ नका. उभा, चरणारा, पिलाला भरवणारा पक्षी हवा असेल तर काहीच अडचण नाही.

चौथी थोडी तांत्रिक आहे. उजेड लहान छिद्रातून गेला की पसरतो, आणि एका बिंदूचा फोटो बिंदू न राहता छोटी चकती होतो. एफ/६.५ ला ही चकती साडेआठ ते नऊ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाची असते, आणि पी९५० चा एक पिक्सेल सव्वा मायक्रॉनपेक्षा थोडा मोठा. म्हणजे एक चकती सहा-सात पिक्सेल रुंद पसरते. याचा अर्थ, टोकाच्या झूमवरचे १६ मेगापिक्सेल हे पूर्ण १६ नसतात. वर्गाच्या भिंतीवर ए४ आकाराचा प्रिंट छान येईल. फ्लेक्स एवढा मोठा करून जवळून पाहू नका. पी१००० आणि २०२५ साली आलेला पी११०० हे ३००० पर्यंत जातात, पण तिथे ते एफ/८ ला असतात, त्यामुळे पसरणं आणखी वाढतं. पी१००० चं वजन १ किलो ४०० ग्रॅमच्या वर आहे. मी तरी २००० पाशीच थांबेन.

वजनावरून एक समज दुरुस्त करायला हवा. "सुपरझूम हलका" असं सरसकट बोलतात. कॅननचा १५००डी सारखा डीएसएलआर ४७५ ग्रॅम, किट लेन्स २०० ग्रॅम, ५५-२५० साधारण ३७५ ग्रॅम, एकूण १ किलो ५० ग्रॅम. पी९५० एकटाच १ किलोचा. फरक काही नाही. हलका हवा असेल तर एसएक्स७० आहे, ६१० ग्रॅमचा. त्याचं तोंड मात्र ३८ मिलिमीटर, म्हणजे ५५-२५० पेक्षाही थोडं लहान. भर उन्हात तो छान काम करतो. किल्ल्यांवर जाणाऱ्यांनी त्याचा विचार जरूर करावा, कारण दोरीला धरून चढताना लेन्स बदलत बसणं कुणाला जमत नाही, आणि उघड्या कॅमेऱ्यात सेन्सरवर बसलेली धूळ पुढच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग होऊन बसते.

मोबाइलचा उल्लेख टाळून पुढे जाता येणार नाही. आजच्या मध्यम किमतीच्या पुष्कळ मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र ३ मिलिमीटरच्या आसपास असतं, आणि तो पाठोपाठ आठ-दहा फोटो काढून ते एकत्र करतो. सुपरझूम झूम न करता दीड मिलिमीटरवर असतो. याचा सरळ अर्थ असा की झूम न करता काढायच्या फोटोसाठी सुपरझूम खिशातल्या मोबाइलपेक्षा चांगला नाही, बहुतेक वेळा वाईटच आहे. तेव्हा सुपरझूम घेताना "सगळ्यासाठी एक कॅमेरा" असं समजून घेऊ नका. तो लांबचं पाहायचं यंत्र म्हणून घ्या, जवळचं मोबाइलवर सोडा. असा विचार केला तर तो तुम्हाला निराश करणार नाही. ज्यांनी तो लग्नात वापरायला घेतला त्यांची निराशा मी पाहिली आहे.

आणि डीएसएलआर? त्याची खरी ताकद किट लेन्समध्ये नाही. ती निघणाऱ्या लेन्समध्ये आहे. स्नेहसंमेलनाचं उदाहरण घेऊ. मंचावर लाल-निळे दिवे, मुलं नाचतायत, तुम्ही दुसऱ्या रांगेत. हात-पाय हललेले दिसू नयेत म्हणून शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाएवढं जलद हवं. तिथे किट लेन्स आणि ५५-२५० दोन्हींची दमछाक होते. पण ५० मिलिमीटर एफ/१.८ ची छोटी लेन्स लावा. कॅननची ही लेन्स १६० ग्रॅमची आहे आणि लेन्सच्या बाजारात सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक. ५० भागिले १.८, तोंड २८ मिलिमीटर. तेवढ्याच चौकटीसाठी पी९५० चं तोंड ४ मिलिमीटरच्या आसपास. जवळजवळ पन्नासपट उजेड. हा फरक मंचावरच्या मुलीच्या चेहऱ्यावर आणि तिच्या नऊवारीच्या काठावर सरळ दिसतो. आणि माणसामागची गर्दी लोण्यासारखी धूसर करणारा जो परिणाम सगळ्यांना हवा असतो, तोही याच तोंडाच्या आकारावर ठरतो. मोठं तोंड, तर मागचं धूसर.

म्हणून डीएसएलआर विचारणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो: पुढच्या दोन वर्षांत तुम्ही आणखी एक लेन्स घेणार आहात का? उत्तर मनापासून "हो" असेल तर डीएसएलआर घ्या. पुष्कळ घरांत मी किट लेन्स लावलेला डीएसएलआर कपाटात पाहिला आहे, बॅटरी उतरलेली, बॅगेची चेन गंजलेली. त्या माणसाला कुणी ५० ची लेन्स दाखवलीच नाही. उलट दूरच्या पक्ष्यांसाठी डीएसएलआरवर गंभीरपणे काही करायचं तर १५०-६०० ची लेन्स लागते. तिचं तोंड ९५ मिलिमीटर, म्हणजे पी९५० च्या तिप्पट उजेड, आणि फोकस जलद. पण वजन दोन किलोच्या आसपास, आणि एकट्या लेन्सची किंमत नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरपेक्षा कितीतरी जास्त. त्या वाटेवर जाणारी माणसं सहसा मला फोन करून विचारत नाहीत.

या दोन्हींच्या मधेही एक जागा आहे. एक इंची सेन्सरचे सुपरझूम, जसा सोनीचा २०१७ सालचा आरएक्स१० मार्क ४. त्याचा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, झूम २४ ते ६०० आणि टोकाला एफ/४. खरी लांबी २२० भागिले ४, तोंड ५५. म्हणजे पी९५० एवढंच तोंड, पण ते २००० ऐवजी ६०० वरच पूर्ण उघडतं. अंगणातल्या पक्ष्याला, क्रिकेटच्या मैदानाला, मंचाला हा कॅमेरा फार चांगला, आणि उडता पक्षीही पकडतो. किंमत मात्र वहिनींच्या दोन्ही पर्यायांच्या पुष्कळ वर. परवडत असेल तर विचार करा, एवढंच.

आणखी एक बाजारातली गोष्ट. डीएसएलआरचा काळ सरत आलाय. निकॉननं डी३५०० या नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरची निर्मिती थांबवली, आणि निकॉन-कॅनन दोघांचेही नवशिक्यांसाठीचे नवे कॅमेरे आता बिनआरशाचे, म्हणजे मिररलेस असतात. निकॉनचा झेड३० २०२२ चा, कॅननचे आर५० आणि आर१०० २०२३ चे. घाबरायचं कारण नाही. त्यांचा सेन्सर डीएसएलआरएवढाच आहे आणि तोंडाचं सगळं गणित जसंच्या तसं लागू पडतं. नवा घेत असाल तर मिररलेसच बघा. कमी पैशात शिकायचं असेल तर सेकंडहँड डीएसएलआर आज फार चांगला सौदा आहे, कारण लोक ते विकून मिररलेस घेतायत. घेताना शटर किती वेळा उघडलंय तो आकडा विचारा, आभाळाचा एक फोटो एफ/१६ वर काढून त्यात डाग दिसतायत का बघा, आणि लेन्स उलटी धरून मोबाइलच्या टॉर्चनं आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. ती लेन्स फुकट मिळाली तरी घरी आणू नका, शेजारच्या लेन्सलाही लागू शकते.

बुरशीबद्दल कोकणातल्या आणि मुंबईतल्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण सुपरझूम घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: तुमची लेन्स निघत नाही. डीएसएलआरची एक लेन्स खराब झाली तर लेन्स बदलते. सुपरझूमच्या भिंगात बुरशी धरली तर सगळा कॅमेराच गेल्यासारखा. पावसाळ्यात त्याला कातडी बॅगेत बंद करून ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या, आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. काटा ४० ते ५० च्या मधे राहिला की पुरे. पुड्यांचा रंग बदलला की त्या बदला. आणि महिन्यातून दोनदा कॅमेरा बाहेर काढून वापरा.

वहिनींचं काय झालं? त्यांनी वहीत दोन रकाने आखले. एका बाजूला वर्षभरात लांबचे फोटो कधी लागतात: भिगवण नोव्हेंबर ते मार्च, शेतातले मोर, चंद्र, शाळेच्या क्रीडास्पर्धा. दुसऱ्या बाजूला कमी उजेडातले: स्नेहसंमेलन, एक संध्याकाळ. त्यांनी सुपरझूम घेतला. फेब्रुवारीतल्या त्या एका संध्याकाळसाठी मी माझी जुनी डीएसएलआर बॉडी आणि ५० ची लेन्स एसटीनं इंदापूरला पाठवतो, सिलिका जेलच्या पुडीसकट, आणि मार्चमध्ये रोहितांच्या फोटोंसोबत ती परत येते.